कमी मोहऱ्यांचा डाव

लाम्झिरानं लॅपटॉप आणला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून,
जणू ताप आलेलं मांजर.
कुताइसीत त्या आठवड्यात नळ गोठले होते,
दुकानात हीटर एकच, तोही गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला.
"मरतोय का हा?"
मी मागचं झाकण काढलं.
पंख्यात लोकरीचा बोळा,
एक जीबी मेमरी, बत्तीस बिटांचा प्रोसेसर,
बॅटरी आपली नावाला.
म्हटलं, जीव आहे. ओझ्यानं वाकलाय.

चालू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा.
तेवढ्यात तिची पोरं किल्लेकोट करून मोकळी.
रिओनीपलीकडच्या शाळेच्या तळघरात
ती बुद्धिबळ शिकवते, एकोणतीस वर्षं,
आणि पोरांचे हरलेले डाव लिहून ठेवते,
आधी वह्यांत, मग ह्यात.
फक्त हरलेले.
जिंकलेले त्यांचे त्यांना पाठ असतात, म्हणाली.

गुरामी, माझा शिकाऊ,
चार पेनड्राइव्ह ओळीनं मांडून बसला,
वैदूच्या पुड्या मांडाव्यात तसे.

पहिल्यात लुबुंटू.
त्यानं बत्तीस बिटांना दार लावून घेतल्याला वर्षं झाली,
हे ह्याला माहीत असायला नको?
एक टपली दिली.

दुसऱ्यात टायनी कोअर,
दोन-चार फोटोंच्या जागेत मावणारी, काटकुळी.
डोळ्याचं पातं लवेतो उठून उभी.
पण फाइल उघडली तर आमच्या लिपीच्या जागी
नुसते चौकोन, ओळीच्या ओळी रिकामे चौकोन.
लाम्झिरा चष्मा पुसून म्हणाली,
"घरं दिसतात. मोहरी कुठायत?"
फॉन्ट घालता आला असता.
पण तिनं हात आधीच मागे घेतला होता.

तिसरं पपी, नावानंच पिल्लू.
मेमरीतच लोळणारं, चपळ, लाघवी,
बंद होताना मात्र विचारतं, जपून ठेवू का?
"हे विचारायचं असतं?" ती म्हणाली,
आणि मी तेही काढून घेतलं.

उरलं अँटीएक्स.
दिसायला रुक्ष, सरकारी कचेरीतल्या टेबलासारखं.
दोनशे एमबीच्या आत चूल मांडली त्यानं,
आणि अक्षरं आली,
गोल पोटांची, शेपट्या खाली सोडलेली,
सगळी जागच्या जागी.

मग आम्ही एकेक गोष्ट द्यायला बसलो.
हे काय?
खिडकी मिटताना विरघळते, तो दिमाख.
"दिला."
हा निळा समुद्र मागचा?
"दिला. पोहता येत नाही मला."
घंटा वाजवणारी आठवण, हवामानाचा सूर्य, तिसरा कॅलेंडर:
दिला, दिला, दिला.
ब्राउझरपाशी तिचा हात थांबला.
बहीण थेस्सालोनिकीत, म्हाताऱ्यांची सेवा करते,
दर रविवारी ह्याच पडद्यावर येते.
मी खरं ते सांगितलं: तो एकटा सगळी मेमरी खाईल.
"म्हणजे वजीर," ती म्हणाली.
हीटरची तार दोनदा तडतडली.
"द्या. फोनवर बोलेन.
नाहीतरी ती तोंडापेक्षा छतच जास्त दाखवते."
हसली,
पण अभ्र्याची शिवण उसवत राहिली नखानं.

अठ्ठेचाळीस सेकंदांत चालू झाला.
तिनं एक जुना डाव काढला,
हरणाऱ्याकडे राजा आणि दोन प्यादी.
"भरल्या पटावर राजा कोपऱ्यात लपतो," गुरामीला म्हणाली,
"मोहरी संपत आली की मग चालायला लागतो.
ह्या पोराचा चाललाच नाही. घाबरला."
गुरामीनं तोंड वाकडं केलं,
असं काय मोठं असतंय त्यात, म्हणाला,
आणि एकोणिसाव्या चालीला मात खाल्ली.

पैशांऐवजी अक्रोडाची बरणी ठेवली तिनं.
मी अर्धे पैसे मागणारच होतो, जमलं नाही.
जाण्याआधी उभ्या उभ्या
दोन बोटांनी टाइप केलं नवं नाव:
गुरामी. काळी मोहरी. घाई.

फाइल जपली गेली, न विचारता.
मेमरी अजून अर्धी रिकामी होती.